चार वाजले की घरी

रिटायर झाल्यावर मी सुनेच्या प्रत्येक भाजीत मीठ मोजू लागले, तेव्हा मुलानंच मला दारव्ह्याच्या एका केंद्रात नेऊन सोडलं. शिकायला-समजायला ज्यांना वेळ लागतो अशी आठ-दहा मोठी माणसं तिथं रोज येतात. मी आठवड्यातून तीन दिवस जाते. पगार नाही, चहा मिळतो, तोही पांचट. जन्मभर तहसील कचेरीत लोकांना "उद्या या" म्हणत आले. इथं मलाच रोज उद्यावर ढकलतात.

माझ्या वाट्याला अठ्ठावीस वर्षांची एक मुलगी आली. घरी तिला मोठी म्हणतात आणि धाकट्या बहिणीला लहानी. मोठीला केंद्रातून एकटीनं घरी जायला शिकवायचं होतं. आधी हात धरून गेलो, मग मी दहा पावलं मागून, मग रस्त्याच्या पलीकडून, चोरासारखी. वाटेत जीपचा अड्डा. "दिग्रस, दिग्रस" ओरडणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरसमोर ही थांबून सांगायची, "नाही भाऊ, मी घरी जाऊन राह्यली." पाच जीपा, पाच उत्तरं. मी पलीकडे उन्हात कपाळ बडवत उभी. पण सहा महिन्यांत शिकली. घड्याळात चार वाजले की चप्पल घालायची आणि घर गाठायचं. मी ही गोष्ट गावभर मिरवली.

मग एका शनिवारी तिची आई माझ्याकडे आली. बसली, पदराशी चाळा करत राहिली.

"ताई, उद्या लहानीले पाहाले ढाणकीचे पाव्हने येऊन राह्यले. मोठीले दिवसभर तुमच्या घरी ठेवता का? मांगच्या खेपी एका स्थळानं हिले पाह्यलं, अन् चहाही न पेता उठले."

मी हो म्हणाले. पालकांच्या बैठकीत "पोरांना लपवू नका" असं भाषण ठोकणारी मीच. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. लाज वाटली, पण लहानीचं लग्न मोडायचं पाप आपल्या माथी कशाला, अशी मनाची समजूत घातली.

रविवारी आम्ही दोघींनी मिठात उकडलेल्या तुरीच्या शेंगा टोपलीभर खाल्ल्या. पोट भरलं, ऊन अंगणात आलेलं, माझा डोळा लागला. उठले तेव्हा सालं एका ताटात नीट गोळा केलेली आणि दारातली चप्पल गायब. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं. माझं घर अड्ड्याच्या मागच्याच गल्लीत, तिच्या रोजच्या वाटेवर.

गुडघे दुखतात हे विसरून मी पळाले. अड्ड्यावरचा ड्रायव्हर हसत म्हणाला, "काकू, तुमची पोरगी आत्ताच गेली, मले सांगून. तुम्ही काहून पळून राह्यल्या?" त्याला काय सांगणार, की शिकवलेलं नको तिथं कामी आलं म्हणून पळते आहे.

मी त्यांच्या दारात पोचले तेव्हा मोठी बैठकीच्या मधोमध उभी होती. समोर पोह्याच्या बशा, नवरा मुलगा, त्याचे वडील, आई. लहानीच्या हातात चहाचा ट्रे. पाव्हणीबाईंनी विचारलं, "हे कोन?"

"शेजारची हाये," मोठीची आई म्हणाली.

हे ऐकून मोठी चिडेल असं मला वाटलं. पण ती बिलकूल रागावली नाही. वर्गात कुणी स्वतःचा पत्ता सांगताना चुकलं की मी ज्या सुरात बोलते, त्याच सुरात ती आईला म्हणाली, "चुकलं. परत सांग."

आईनं माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. मोठी वाट पाहत राहिली. तिला वाट पाहता येते, आम्हाला कुणाला येत नाही.

"माही मोठी पोरगी हाये," आई शेवटी म्हणाली.

"बरोबर," मोठी म्हणाली, आणि चप्पल काढून ठेवायला दाराकडे गेली.

लहानीनं आधी तिच्या हातात चहा दिला, मग पाव्हण्यांना. पाव्हणे चहा प्याले, "कळवतो" म्हणाले आणि निघाले. आठ दिवसांनी पत्रिका जुळत नसल्याचा फोन आला. मी अपराध्यासारखी त्यांच्या घरी गेले. लहानी म्हणाली, "काकू, ज्यायले माह्या बहिनीची अडचन, त्यायच्या घरी मी कायले जाऊ?" तिची आई मात्र पाठ फिरवून आत निघून गेली. मला वाटलं, ही बाई आता मला जन्मभर माफ करणार नाही.

परवा ती पुन्हा माझ्या दारात. रविवारी फुलसावंगीचे पाव्हने येऊन राह्यले, म्हणाली. मी मनात ठरवून टाकलं होतं, या वेळी मोठीला ठेवून घेणार नाही, काय व्हायचं ते होवो. तोंड उघडणार, तोच तिनं पिशवीतून एक नवी कोरी साडी काढली.

"मोठीची हाये. तिले नेसवून द्याले सकाळीच येजा. माह्याजवळ ती धड उभी नाही राहत, तुमचं ऐकते."