मागच्या खोलीतले दोन कॅमेरे

माझं शुद्धलेखन कच्चं आहे, आठवीनंतर शाळा सुटली. शब्दही साधेच आहेत, सांभाळून घ्या. पण शेलूबाजारच्या एका फोटो स्टुडिओत दोन कॅमेरे आणि एक पवनभाऊ असले की किस्से रोज झाडून काढले तरी नवे साचतात.

पवनभाऊ आमचे मालक. त्यांनी नवा कॅमेरा घेतला आणि जुना कारंज्याच्या एका फोटोग्राफरला विकायचं ठरवलं. मी जुन्यावरच शिकलो. तो गेला की माझ्या हातात फक्त लाइटचा स्टँड उरणार होता. त्याआधी, कमी उजेडात कोणत्या कॅमेऱ्याच्या फोटोत जास्त दाणे, म्हणजे रवाळ ठिपके, येतात, हे भाऊंना शास्त्रशुद्ध तपासायचं होतं.

*

पहिली तपासणी मागच्या खोलीत, खिडकीला सतरंजी लावून. जुन्याचा फोटो शेंगदाण्याच्या चटणीसारखा. नव्याचा काळाकुट्ट, एक दाणा नाही.

"पाह्य, याले म्हन्तात क्वालिटी."

मी नव्याच्या लेन्सकडे बोट दाखवलं. "भाऊ, झाकण काढायचं राह्यलं."

"तुले कोनं विचारलं?"

*

मग भाऊंनी दोन्हीचे फोटो मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले : नवा कोणता, ओळखा. व्हॉट्सॲपने दोन्हींचा सारखाच चुथडा केला. सगळ्यांनी जुना निवडला. एकाने विचारलं, "पन फोटो कायचा हाय?"

भाऊंनी ग्रुप म्यूट केला.

*

मी म्हटलं, दोघांचा आयएसओ तरी सारखा ठेवू, तो चढवला की दाणे वाढतात. भाऊंनी जुन्याचा शेवटपर्यंत चढवला आणि नव्यासाठी ट्यूबलाइट लावली.

"तो नवा हाय. त्याले अजून अंधाराची सवय नाही."

*

शेवटी भाऊंची मावशी बाजाराला आली. भर दुपारी तिला त्या अंधाऱ्या खोलीत बसवलं, दोन्हींनी फोटो काढले. जुन्यात दाणेच दाणे. नव्यात चेहरा धुतल्यासारखा. मावशीने स्क्रीन डोळ्यांजवळ नेली, मग स्वतःच्या हनुवटीवरच्या गोंदणाच्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवलं.

"हे बाई कोन व्हय?"

"तूच, मावशी. हा नवा दाणे पुसून टाकते."

"गोंदताना मी तीन दिस रडली. ते तुह्या मशीननं एका बटनात पुसलं?"

"याले साफ म्हन्तात, मावशी."

"साफ करायची एवढी हौस असन, तं घरी भांडे पडले हायत."

भाऊंनी तरीही कारंज्याला फोन लावला. मला बजावलं, "गिऱ्हाईक आल्यावर तू एक शब्द बोलू नको. फक्त फोटो दाखव."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फोटोग्राफर एसटीने आला. भाऊ चहा सांगायला गेले. मी एक शब्द बोललो नाही. जुन्याचे सगळ्यात जास्त दाण्यांचे फोटो निवडले आणि मोठे करून त्याला एकेक दाखवले.