न अडखळता घेतलेलं नाव

“हिच्या नवऱ्याचं नाव विचारा,” मॅजिस्ट्रेट साहेब म्हणाले. मी नरसव्वाला तेलुगूत विचारलं. तिनं खाली बघतच घडाघडा सांगितलं, “सायन्ना.”

शिरस्तेदाराची, म्हणजे कोर्टाच्या मुख्य कारकुनाची, लेखणी कागदावरच थांबली.

मी सोलापूरच्या कोर्टात तेलुगूचा दुभाषा होतो. ऐकलेलं दुसऱ्या भाषेत सांगायचं, पदरचं अक्षर घालायचं नाही, अशी शपथच असते आमची. अर्ज सायन्नाचा होता: माझी बायको एका विणकरानं घरात डांबलीय, ती मला परत द्या. विणकर बिचारा सांगत होता, “बाई रडत दारात आली की हो. माज्या आईनं आत घेतली. डांबतोय कशाला?” नरसव्वा निजामाच्या मुलखातली. सायन्ना तिला खेटून उभा. ‘हा तुझा नवरा का?’ या प्रश्नाला ती ‘हो’ म्हणाली होती. नाव फक्त हुकमात लिहायला हवं होतं. एवढं लिहिलं की तो तिला घेऊन जाणार होता.

पण आमच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मराठी असो, तेलुगू असो. कोर्टात नाव विचारलं की पदर तोंडाला लावतात, शेजारणीला सांगायला लावतात, शिरस्तेदार वैतागतो. आणि ही पाठ केल्यासारखं बोलली. पाठच करून घेतलं होतं तिच्याकडून.

साहेब इंग्रज, त्यांना काय कळणार? पण शिरस्तेदाराला कळलं होतं. सायन्नाच्या वकिलाला तर पक्कं कळलं होतं. तो बुटांकडे बघत होता. सगळे मूग गिळून बसलेले. माझं डोकंच फिरलं.

“साहेब, हा हिचा नवरा नाही.”

“हे ती म्हणाली?”

“नाही. मी म्हणतोय.”

“तुम्ही दुभाषे आहात, वकील नाही.”

“मग वकिलांनाच विचारा. त्यांच्या घरात त्यांचं नाव कोण घेतं?”

साहेब रागावले, पण त्यांनी विचारलं. वकील उठून उभा राहिला. “पत्नी घेत नाही, साहेब. तशी रीत आहे.”

मग साहेबांनी सायन्नाला व्हरांड्यात पाठवलं आणि मला सगळं पुन्हा विचारायला लावलं. नरसव्वानं आधी दाराकडे पाहिलं. मग बोलायला लागली ती थांबेना. नवरा वारलेला. सोलापुरात मागाला कांड्या भरायचं काम देतो, म्हणजे सूत गुंडाळायचं, असं सांगून यानं आणली आणि खोलीत कोंडली. तिला विकायचा मुंबईच्या माणसाशी सौदा ठरलेला. ती पळून विणकराच्या दारात आली, पण आज कोर्टाच्या आवारात यानं गाठलं: नवरा म्हणून माझं नाव सांग, उलटं बोललीस तर गावाकडच्या तुझ्या पोराला उचलीन, हा दम.

अर्ज फेटाळला गेला. नरसव्वा विणकराच्या म्हातारीबरोबर घरी गेली. पुढं तिनं पोरालाही आणवून घेतलं.

त्या दिवशी निकालानंतर साहेबांनी सायन्नाला आत बोलावलं. व्हरांड्यात कोणी नव्हतं. त्याला अडवायला शिपाई ठेवायचं कुणालाच सुचलं नव्हतं. वकिलानं कागद आवरले आणि पुढची केस पुकारली गेली. मला मात्र मर्यादा सोडल्याबद्दल साहेबांनी चेंबरमध्ये झापलं.

तेव्हापासून अशी केस आली की मी आधी शिरस्तेदाराला सांगायचो: बाईला विचारण्याआधी तिच्यावर हक्क सांगणारा बाहेर काढा, आणि त्याच्याबरोबर एक शिपाई द्या.

शिरस्तेदार म्हणायचा, “दुभाष्यानं मर्यादेत राहावं.”

मी राहिलो नाही.