चाचांनी मशीन बंद केलं तेव्हा

काल जुनी गादी पिंजायला टाकली. नाकात कापसाचा तो धुरळट वास शिरला आणि मानवतचं ते दुकान आठवलं.

तेव्हा मी परभणीच्या एका दैनिकाचा वार्ताहर होतो. मानवतच्या चौकात सभा चालू होती, आणि मी गाद्या भरणाऱ्या रहीमचाचांच्या दुकानात उभा राहून मोबाईलवर भाषण रेकॉर्ड करत होतो. "लेकीच्या लग्नात मुसलमानाच्या हातची गादी घेऊ नका," वक्ता ओरडला. पुढचं लिहवत नाही.

"रेकॉर्डिंग करायलाव का?" चाचांनी विचारलं. "थांबा, पिंजायचं मशीन बंद करतो. आवाज साफ येऊ द्या."

घरघर थांबली तशी गर्दीतली दोन-चार डोकी आमच्याकडे वळली. मी मोबाईल खाली घेतला.

"चाचा, मशीन लावा," मी कुजबुजलो.

"त्यांचं होऊ द्या आधी," दाढीतला कापूस झटकत ते म्हणाले.

संध्याकाळी संपादकांचा फोन आला. "वरून दबाव आहे. बातमी लागणार नाही. ते रेकॉर्डिंग डिलीट कर."

मी केलं नाही. काल पुन्हा ऐकलं. घरघर थांबते आणि शब्द न् शब्द साफ ऐकू येतो.

ऐकण्याआधी मी खिडक्या लावून घेतल्या होत्या.