रडणाऱ्या तलवारी

"वाजली तर तलवार, नाहीतर प्लास्टिकची पट्टी," असं ती नेहमी म्हणायची. खेळण्यांच्या कारखान्यात तिची हयात गेली. आधी अकरा वर्षं साच्याच्या मशीनवर, उभ्यानं. मग काचेच्या बंद खोलीत, तपासणीच्या टेबलापाशी, बसून. सगळे तिला तलवारकाकू म्हणत. चहाच्या सुट्टीत कुणीतरी विचारायचं, काकू, लढाई कधी संपणार? ती म्हणायची, घरोघरच्या बाळराजांना झोप आली की.

काम साधं होतं. मुठीवरचं बटण दाबायचं. पातं निळं उजळतं, मग लाल होतं. आधी तलवार उपसल्याचा आवाज, मग खणखणाट, शेवटी तुतारी. सगळं नीट आलं की मुठीवर हिरवा ठिपका चिकटवायचा. पण तिचा कान असा की सेलखालची पट्टी केसभर सैल असली तरी तुतारीच्या शेवटच्या सुरावरून ती ओळखायची. त्या कानावरच तिला ती खोली मिळाली होती.

तोच कान गेला. मशीनच्या धडधडीनं तो आतून कधीचा पोखरला होता. आधी तुतारी विझली, मग बायकांचं बोलणं, शेवटी खणखणाटही. बाहेर पाऊस पडतोय की उघडलाय, हे तिला खिडकीशी जाऊन बघावं लागायचं.

हे ठाऊक होतं फक्त धाकट्या जावेला. ती समोर बसून तलवारी खोक्यात भरायची. तापल्या प्लास्टिकच्या वाफेनं धाकटीचा दम कोंडायचा, म्हणून थोरलीनंच साहेबांच्या पाया पडून तिला मशीनवरून आत आणलं होतं. आता दोघींनी एक तोड काढली. थोरली मूठ हनुवटीला टेकवायची. आत आवाज झाला की हाडात थरथर उठायची. रंग डोळ्यांनी बघायचा, थरथर हाडानं. थरथर आहे पण आवाज बिघडलाय, असं असलं तर धाकटी टेबलाखालून पायानं पाय दाबायची. दोन वर्षं अशी गेली. एकही खराब तलवार बाहेर पडली नाही.

मग एका सोमवारी सुपरवायझर सांगून गेला, पुढच्या महिन्यापासून या खोलीत एकच बाई बसेल. तपासणीही तिची, भरणंही तिचंच. दुसरी परत मशीनवर. कोण ते तो शनिवारी ठरवणार होता. घरी जाताना धाकटीनं थोरलीसमोर उभं राहून, ओठ नीट हलवत, हे सांगितलं. थोरली म्हणाली, अजून चार दिवस आहेत, आत्तापासून कशाला जीव जाळतेस.

गुरुवारी जोडणीच्या टेबलावर ट्रेंची अदलाबदल झाली. त्याच कारखान्यात रडणाऱ्या बाहुल्याही बनत. बाहुल्यांच्या आवाजाच्या चकत्या तलवारींच्या मुठीत बसल्या.

थोरलीनं पहिली तलवार उचलली, बटण दाबलं. पातं निळं झालं, आणि तान्हं मूल हुंदके देत रडायला लागलं. मूठ हनुवटीशी थरथरली. थोरली क्षणभर थांबली, पायाची वाट बघत. धाकटीनं पाय उचललाही होता. मग तिनं तो मागे घेतला आणि स्टुलाच्या दांडीवर ठेवला.

थोरलीनं हिरवा ठिपका लावला.

दुसरी रडली. तिसरी रडली. सकाळभर त्या बंद खोलीत तान्ही पोरं रडत होती, आणि धाकटी ती एकेक उचलून खोक्यात निजवत होती. काचेबाहेर आवाज जात नव्हता. एकदा थोरलीनं मान वर करून तिला विचारलं, बरं नाही का गं, चेहरा असा का उतरलाय? धाकटीनं नुसती मान हलवली.

दुपारी सुपरवायझरनं दार उघडलं आणि उंबऱ्यातच थबकला. थोरलीची पाठ दाराकडे होती. त्यानं हाक मारली. तिनं बटण दाबलं, मूल रडलं, तिनं ठिपका लावला. त्यानं आणखी दोनदा हाक मारली. मग तो धाकटीला म्हणाला, "तुम्हाला तरी ऐकू येत होतं ना?"

धाकटी खाली बघत म्हणाली, "मला वाटलं, नवीन तऱ्हेचा माल आला असेल."

समोर धाकटीचे ओठ हलले तशी थोरलीनं वळून आधी त्याच्याकडे बघितलं, मग जावेच्या ओठांकडे. हातातली मूठ तिनं पुन्हा दाबली आणि यावेळी आवाजाच्या जाळीवर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. थरथर वेगळी होती. हुंदक्यासारखी तुटत तुटत येत होती. मग तिला सगळंच कळलं.

"तिला काही विचारू नका, साहेब," ती म्हणाली. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यानं फार मोठ्यानं म्हणाली. "तिचं काम खोक्याचं. कानाचं काम माझं होतं."

तिनं ठिपक्यांचा कागद टेबलावर सरळ करून ठेवला, डब्याची पिशवी घेतली आणि निघाली. साच्यांच्या मशीनांमधून ती गेली तेव्हा बायकांनी हात थांबवले. धाकटी काचेशी उभी होती. हाक मारून उपयोग नव्हता; थांबवायचं तर धावत जाऊन खांद्याला हात लावायला हवा होता. फाटक फार लांब नव्हतं. थोरली तिथं पोचली, पहारेकऱ्याला मान झुकवून रस्त्याला लागली. धाकटी काचेमागून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.