इंजिनवर फोडलेला नारळ

शेजाऱ्यांनी नव्या गाडीपुढे नारळ फोडला आणि त्या ओल्या वासानं माझं डोकंच फिरलं.

माझ्या लहानपणी एकदा आमची जुनी जीप नांदुऱ्याहून इग्निशन दुरुस्त करून घरी आली होती. डोणगावला आईचे वडील शेवटच्या घटका मोजत होते. निघताना बाबांनी बॉनेट उघडून थेट इंजिनवरच नारळ फोडला. मग जीप चालूच होईना.

"मिस्तरीनं फसवलं मले!" बाबा ओरडले.

"अहो, नारळाचं पाणी आत गेलं. पुसून घ्या ना," आई म्हणाली.

"देवाच्या पाण्यानं गाडी बिघडते काय? तुले काय समजते?"

तेव्हा मला ती भक्ती वाटली. आज नुसता माज दिसतो. दुपारच्या उन्हात पाणी वाळलं आणि जीप चालू झाली. आई पोहोचली तेव्हा सरण पेटलेलं होतं.

ती अजून प्रसादाचं खोबरं घेत नाही. बाबा दरवेळी विचारतात, "काऊन?"