धाकटीच्या गालांवरचं तेल

माझी धाकटी जाऊ सौंसरच्या शाळेत मास्तरीण होती. आमचं घर रामाकोन्याला, त्यामुळे तिला रोज सकाळी सायकल हाणत जावं लागे. ते ऐंशीच्या दशकातलं सौंसर. पहिली बस यायची तोवर शाळेची प्रार्थना होऊन गेलेली असायची. पूस महिन्याच्या थंडीत समोरून वारा असा यायचा की गाल उलून रक्त निघावं. म्हणून निघण्याआधी सासूबाई तिला चुलीपुढे पाटावर बसवायच्या. वाटीत जवसाचं कोमट तेल, त्यात चिमूटभर वाळल्या संत्रासालीची पूड. आधी गाल, मग नाक, मग कानाच्या पाळ्या, शेवटी ओठांवर साय. वरून सासऱ्यांचा लोकरी मफलर, हनुवटीखाली करकचून गाठ.

मी तिथेच बसून भाकरी थापत असे. धाकटीच्याच डब्याची भाकरी!

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. या घरात मी तिच्या आधी आले होते. सासूबाई वाईट नव्हत्या. कधी टोचून बोलल्या नाहीत, माहेरी जायला अडवलं नाही. पण माझ्या चेहऱ्याला त्यांनी एकदाही हात लावला नव्हता. मला तो हात हवा होता, आणि तो रोज माझ्या डोळ्यांदेखत दुसरीच्या गालावर फिरत होता. धाकटी तर डोळे मिटून, मांजरीसारखी मान वर करून बसायची. भाकरी करपली तर करपू दे, असं व्हायचं मला.

एकदा मी धीर करून म्हटलं, "आई, माये गाल बी उलले."

"तू त घरातच राहतं नं वं," त्या म्हणाल्या. "चुलीजवळ कायची थंडी?"

झालं. मग मीच माझं बघायचं ठरवलं. धाकटीचे गाल तुकतुकीत राहतात ते त्या सालीमुळे, अशी माझी पक्की समजूत झाली होती. संत्र्याचा बगीचा घरचाच, सालींना काय तोटा! पण साली वाळवा, कुटा, चाळा, इतका दम कोणाला? मी ताजी सालच गालावर पिळायची आणि मागच्या अंगणात उन्हात बसायची. झोंबायचं, म्हणजे गुण येतोय, असं मी समजायची. चार दिवसांत गालांवर काळपट चट्टे पडले आणि उललेलं होतं ते आणखी उललं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. मी पदर पुढे ओढून वावरू लागले.

त्याच आठवड्यात धाकटी तापाने फणफणली. नेमकी छमाही परीक्षा, आणि प्रश्नपत्रिकांच्या कपाटाची किल्ली तिच्यापाशी. आमच्या दोघींचे नवरे संत्र्याची गाडी घेऊन पांढुर्ण्याला गेलेले. मी पांढुर्ण्याची, लग्नाआधी सायकल चालवलेली. म्हटलं, "मी नेऊन देतो किल्ली."

साडीचा काचा खोचून मी निघाले, तोच सासूबाईंनी हाक मारली.

"अशीच चालली काय? इकडे ये, बस."

मी पाटावर बसले. त्यांनी वाटी घेतली, माझा पदर मागे सारला, आणि हात तिथेच थांबला.

"हे काय करून ठेवलं वं तोंडाचं?"

"साल लावली."

"वल्ली साल? काहून?"

"तुम्ही तिले लावता नं," मी म्हटलं.

मग पूड मिसळलेलं ते तेल त्यांनी बाजूला ठेवलं, दुसऱ्या वाटीत नुसतं तेल घेऊन कोमट केलं. दोन्ही तळव्यांत माझं तोंड धरलं. कापूस वेचून वेचून त्यांची बोटं खरखरीत झालेली, पण इतक्या हलक्या हाताने फिरत होती की मला रडूच आलं.

"झोंबून राहिलं काय?"

मी हो म्हटलं. झोंबत होतंच. पण त्यांनी नुसतं पाणी लावलं असतं तरी मी रडले असते.

त्यांनी पुन्हा तेल घेतलं. नाक झालं, कान झाले, परत गालांवर आल्या.

कोपऱ्यात वाकळ हलली. "आई," धाकटी आतून म्हणाली, "मले त इतका वेळ कधीच नाही लावलं."

"तू चूप राह्य. ताप हाये तुले."

धाकटीने फणकाऱ्याने कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं. तो फणकारा माझ्या चांगला ओळखीचा होता; कितीतरी सकाळी मीच तो भाकरीबरोबर थापला होता.

मला सौंसरला उशीर होत होता. तरी मी मान जरा वर केली आणि तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, "आई, अजून थोडं लावा नं. वारं लय हाये."