नवसाची गाठ आणि ब्रेकचा दिवा

स्पष्टच सांगते, त्या दिवसांत माझा देवावर राग होता. आईच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, ती वाचली, आणि तिला कळमेश्वरहून रामदासपेठेतल्या दवाखान्यात नेणारी आमची जुनी गाडीच जिवावर उठली. चाकं घसरू न देणाऱ्या ब्रेकयंत्रणेचा, एबीएसचा, पिवळा दिवा लागायचा, विझायचा. ब्रेक दाबला की पेडल पायाखाली थरथरायचं आणि गाडी थांबायचं सोडून पुढे सरकायची. एकदा तर शाळेतून निघालेल्या मुलींपासून हातभर अंतरावर थांबली. मागे आई छातीवर हात धरून बसलेली. तेव्हापासून स्टिअरिंग धरलं की माझे तळहात ओले व्हायचे.

मी रस्ता सुरक्षेची पत्रकं लिहिणारी, चौकात माइकवर ओरडणारी पोरगी. दोष सुट्या भागांचाच धरला आणि निकृष्ट मालाविरुद्ध पत्रक लिहून मोकळी झाले. मिस्त्रीने स्कॅनर लावला. पुढच्या डाव्या चाकाचा वेग मोजणारा सेन्सर खराब निघाला. नवा बसवला, तरी पहिल्याच वळणावर दिवा हजर!

"वायर पाहिली का?"

"तिथं तुमची देवाची पोटली बांधून हाय, ताई. तिले मी हात नाही लावत. पाप काहून घेऊ डोक्यावर?"

ती पोटली बाबांनी ऑपरेशनआधी नवस बोलून नाड्याने बांधली होती. कुणाची नजर पडू नये म्हणून थेट चाकाच्या आतल्या बाजूला. मीही ती सोडली नाही. सोडली आणि आईला काही झालं तर? ही भीती ब्रेकच्या भीतीहून मोठी होती.

दवाखान्यातल्या तपासणीच्या दिवशी आई हट्टाला पेटली, आधी आदाशाच्या गणपतीले जाऊ. देवळाखालच्या उतारावर दिवा लागला, पेडल थरथरलं, आणि गाडी घसरत जाऊन रेतीच्या ढिगात रुतली. आईला काही लागलं नाही. मी मात्र चाकाशी बसून रडायलाच लागले. नारळ विकणारी एक आजी उठून आली. तिला सगळं एका दमात सांगितलं.

"माय बसली हाय न गाडीत? मंग नवस पावला. पावल्यावर गाठ सोडून देवाले वाहा लागते. तू त्याले चाकात कोंडून काहून ठेवलं वं?"

आतून आई म्हणाली, "सोड वं."

मी गाठ सोडली. तिच्याखालीच सेन्सरची वायर होती. नाड्याने आवळून रबर फाटलेलं, तांबं उघडं पडलेलं. चाक वळलं की ती ताणली जायची. फोन केल्यावर मिस्त्री आला, वायर जोडली. तोवर मी वर जाऊन पोटली वाहून आले. आजीच्या पाया पडले तर म्हणाली, "नारळ नाही घेतला का?"

रिकाम्या रस्त्यावर पहिला ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. दिवा विझलेलाच.

मागितलेलं मिळालं होतं, तरी मूठ उघडायची मला हिंमत नव्हती. भीती अजून गेली असं नाही. आईच्या प्रत्येक तपासणीला ती सोबत येतेच. पण आता देवाला कशात बांधून ठेवत नाही. आई शेजारी बसते, मी हात जोडते आणि गाडी सुरू करते.